वाचकांचे प्रश्न : चुंबक न झालेला धातू अतिसंवाहकता का मोडतो?

पॅलेडियम चुंबक नाही आणि त्यात अवस्थांची घनताही (इलेक्ट्रॉनांना उपलब्ध जागांची दाटी) भरपूर आहे. मग तो अतिसंवाहक (खूप थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणारा) का होत नाही? – एम. एस्सी.ची विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

अडचण त्या भरपूर घनतेतच आहे. अतिसंवाहकतेत उलट फिरकीचे (फिरकी म्हणजे इलेक्ट्रॉनची अंगभूत चुंबकीय दिशा) दोन इलेक्ट्रॉन अणूंच्या जाळीच्या कंपनांमुळे जोडीने बांधले जातात आणि घनता वाढली की ही बांधणी सोपी होते. पण तीच घनता इलेक्ट्रॉनांना एकाच दिशेच्या फिरकीकडेही ढकलते. पॅलेडियम लोहचुंबकत्वाच्या उंबरठ्यावर उभा आहे. नुसत्या घनतेवरून जेवढी चुंबकीय ग्रहणशीलता (बाहेरच्या चुंबकाला मिळणारा प्रतिसाद) यावी, तिच्या जवळपास दहापट त्यात मोजली जाते. अशा धातूत ठिकठिकाणी फिरक्या क्षणभर एका दिशेला वळतात आणि लगेच विस्कटतात. या चढउतारांना पॅरामॅग्नॉन म्हणतात. जोडीतला एक इलेक्ट्रॉन भोवतालच्या फिरक्या आपल्या बाजूला वळवतो, आणि उलट फिरकीच्या जोडीदाराला तिथे येणे महाग पडते. बर्क आणि श्रीफर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हे गणिताने मांडले.

पॅलेडियममध्ये हायड्रोजन भरला आणि प्रमाण एकास एकच्या जवळ नेले, की सुमारे ९ केल्विनला (उणे २६४ अंश सेल्सिअस) अतिसंवाहकता येते. हे १९७२ मध्ये दिसले. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन पॅलेडियमच्या डी-पट्टीतल्या (डी-कक्षांपासून बनलेल्या ऊर्जापट्टीतल्या) रिकाम्या जागा भरतो आणि चढउतार मावळतात. मात्र सगळे श्रेय त्यालाच देऊ नका. हायड्रोजनची स्वतःची कंपनेही जोड्या बांधायला मदत करतात.

मॅकमिलनच्या सूत्रात हे चढउतार कुठे बसवायचे? – प्राध्यापक, नाशिक रोड

हे सूत्र क्रांतिक तापमान देते, म्हणजे ज्याच्या खाली धातू अतिसंवाहक होतो ते तापमान. मूळ सूत्रात डिबाय तापमान (जाळीची कंपने किती वेगवान ते सांगणारा आकडा) भागिले १.४५ आणि पुढे ई चा ऋण घातांक असतो. लॅम्डा म्हणजे कंपनांमुळे होणाऱ्या बांधणीची ताकद आणि म्यू-स्टार म्हणजे इलेक्ट्रॉनांचे परस्परांना ढकलणे. घातांकाच्या अंशात १.०४ गुणिले (१ अधिक लॅम्डा), आणि छेदात लॅम्डा वजा म्यू-स्टार गुणिले (१ अधिक ०.६२ लॅम्डा). नायोबियमसाठी डिबाय तापमान २७७ केल्विन, लॅम्डा ०.८२ आणि म्यू-स्टार ०.१३ घेतले, तर उत्तर ९.२ केल्विन येते. प्रत्यक्ष मोजमापही तेवढेच आहे.

आता चढउतारांचा वेगळा लॅम्डा घ्या. तो अंशात मिळवा, छेदातल्या पहिल्या लॅम्डातून वजा करा आणि कंसातल्या लॅम्डात मिळवा. बाकी आकडे तेच ठेवून तो ०.१ धरला, तर क्रांतिक तापमान ४ केल्विनवर येते आणि ०.२ धरला तर १.१ वर. (हे फक्त परिणामाचा अंदाज यावा म्हणून केलेले गणित आहे. नायोबियमचे खरे आकडे म्हणून वापरू नका.) एवढी मोठी घसरण होते, कारण हा आकडा अंश वाढवतो आणि छेदही घटवतो.

नेहमीची चूक अशी : मोजलेल्या क्रांतिक तापमानावरून साध्या सूत्राने लॅम्डा काढायचा आणि तोच खरा मानायचा. विशिष्ट उष्णतेत (धातूचे तापमान वाढवायला लागणाऱ्या उष्णतेत) मात्र कंपनांचा आणि चढउतारांचा अशा दोन्ही लॅम्डांची बेरीज दिसते, कारण दोघेही इलेक्ट्रॉनचे वस्तुमान वाढवतात. विशिष्ट उष्णतेवरून काढलेला लॅम्डा मोठा आणि क्रांतिक तापमानावरून काढलेला लहान आला, तर चढउतारांचा संशय घ्यावा. व्हॅनेडियमचे ५.४ केल्विन अपेक्षेपेक्षा कमी का, या चर्चेत हाच मुद्दा येतो.

आमच्या वर्कशॉपने कापून दिलेल्या मॉलिब्डेनमच्या कांडीत अतिसंवाहकता दिसली नाही, असे प्रयोगशाळेने कळवले. दोष कापण्याचा असेल का? – उद्योजक, सातपूर

दोष आपला आहे असे धरण्याआधी त्यांना विचारा, नमुना किती थंड केला होता? मॉलिब्डेनमचे क्रांतिक तापमान ०.९२ केल्विन आहे. द्रव हेलियम ४.२ केल्विनला उकळते आणि पंपाने दाब उतरवला तरी साधारण १.२ च्या खाली जाणे कठीण असते. त्यापुढे हेलियम-३ चे यंत्र लागते. दुसरी गोष्ट, शिल्लक चुंबकीय क्षेत्र. सुमारे १० मिलिटेस्लालाच या धातूची अतिसंवाहकता पूर्ण मोडते आणि आधी वापरलेल्या चुंबकात काही मिलिटेस्ला सहज उरतात.

तिसरी शक्यता लोखंडाची. मॉलिब्डेनम अतिसंवाहक आहे हे १९६२ पर्यंत कळले नव्हते, कारण नमुन्यांत लोखंडाचा अंश असे. इथे लोखंडाच्या अणूवर स्थिर चुंबकत्व राहते आणि ते जोड्या तोडते, म्हणून दशलक्षात काही अणूसुद्धा त्रास देतात. नायोबियममध्ये लोखंडाच्या अणूवर असे चुंबकत्व टिकत नाही, त्यामुळे तिथे एवढे नुकसान होत नाही. नायोबियममध्ये मॉलिब्डेनम वाढवत गेलात, की एका टप्प्यानंतर लोखंडाच्या अणूवर ते चुंबकत्व उभे राहते.

पोलादी पात्याने कापल्यावर लोखंड वरच्या थरालाच लागते. शक्यतो वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या यंत्रावर) पितळी तारेने कापा आणि वरचा थर आम्लाने काढून द्या. पोलादी चिमटा आणि कानस त्यानंतर लावू नका. लोखंड कांडीच्या पोटातच असेल, तर ती निर्वातात इलेक्ट्रॉन शलाकेने वितळवावी लागते. मॉलिब्डेनम २६२३ अंश सेल्सिअसला वितळते, त्या उष्णतेत लोखंड वाफ होऊन निघून जाते.

भांडी बाजारातले शुद्ध तांबे खूप थंड केले, तर अतिसंवाहक होईल का? – वाचक, पंचवटी

नाही. तांबे, चांदी, सोने या तिघांतही अतिसंवाहकता आढळलेली नाही. पण एमआरआय यंत्रात नायोबियम-टायटॅनियमचे तंतू तांब्यातच बसवलेले असतात. तंतूचा एखादा भाग तापला, तर प्रवाह तांब्यातून वळतो आणि तार जळत नाही.

हे चढउतार नेहमी घातकच का? – तीच विद्यार्थिनी

नेहमी नाही. समान फिरकीच्या जोड्या असतील, तर लोहचुंबकीय चढउतार त्यांना बांधूही शकतात. युरेनियम-जर्मेनियमच्या एका संयुगात, यूजीई२ मध्ये, लोहचुंबकत्व कायम असतानाच अतिसंवाहकता २००० मध्ये सापडली. लोखंड-आर्सेनिकच्या संयुगांत २००८ मध्ये २६ केल्विन मिळाले. तिथे प्रतिलोहचुंबकीय (शेजारच्या फिरक्या उलटसुलट वळवणारे) चढउतारच जोड्या बांधतात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे मिश्रधातू हाती आला की आधी विचारा : चढउतार कोणत्या प्रकारचे आहेत आणि जोडी कोणत्या फिरकीची आहे?