वाचकांचे प्रश्न : न सापडलेले जोडीदार कण

गेल्या अंकातील हिग्ज कणावरच्या (मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राच्या कणावरच्या) लेखात सुपरसिमेट्रीचा, म्हणजे अतिसममितीचा, उल्लेख एका वाक्यात येऊन गेला होता : ‘प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार कण असावा, असे हा सिद्धान्त सांगतो.’ कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रे नेमकी त्याच वाक्याबद्दल आहेत. म्हणून या महिन्याचे सदर सगळेच त्या विषयाला दिले आहे.

प्रश्न : इलेक्ट्रॉनाचा जोडीदार पॉझिट्रॉन असतो, असे आम्हांला शिकवले आहे. मग सिलेक्ट्रॉन हे पॉझिट्रॉनाचेच दुसरे नाव आहे का? (बारावीतील विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : नाही, हे दोन निराळे कण आहेत, आणि त्यांच्यातला फरक नीट समजला की अतिसममितीचा अर्धा विषय समजला असे म्हणायला हरकत नाही. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनाचा प्रतिकण. पॉल डिरॅक यांनी १९२८ साली मांडलेल्या समीकरणातून त्याची चाहूल लागली, १९३१ मध्ये त्यांनी असा कण असला पाहिजे असे स्पष्ट लिहिले, आणि पुढच्याच वर्षी कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या छायाचित्रांत त्याचा माग सापडला. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनाइतकेच आणि स्पिनही, म्हणजे कणाचा अंगभूत कोनीय संवेगही, तितकाच : अर्धा. फक्त विद्युतभार उलट. सिलेक्ट्रॉनाचे तसे नाही. त्याचा विद्युतभार इलेक्ट्रॉनासारखा ऋणच असतो. बदलतो तो स्पिन, अर्ध्याऐवजी शून्य. आणि मुख्य म्हणजे पॉझिट्रॉन आज रुग्णालयांतल्या पेट स्कॅनमध्ये रोज वापरला जातो, तर सिलेक्ट्रॉन अजून कागदावरच आहे.

स्पिनमधला हा अर्ध्याचा फरक किरकोळ वाटतो, पण सगळे रसायनशास्त्र त्याच्यावर उभे आहे. ज्यांचा स्पिन अर्धा किंवा दीड असतो ते कण फर्मिऑन. ज्यांचा शून्य, एक, दोन असा पूर्णांकात असतो ते बोसॉन, आणि हे नाव आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून पडले आहे. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते क्वार्क हे फर्मिऑन. फोटॉन आणि हिग्ज हे बोसॉन. दोन सारखे फर्मिऑन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा वोल्फगांग पाउली यांचा १९२५ चा नियम तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्याच्यामुळेच अणूतले इलेक्ट्रॉन एकेक कवच भरत वर चढतात आणि सोडियमचे गुण क्लोरीनपेक्षा वेगळे होतात. बोसॉनांना तो नियम लागू नाही. अतिसममिती म्हणते की प्रत्येक फर्मिऑनाला एक बोसॉन जोडीदार असतो आणि प्रत्येक बोसॉनाला एक फर्मिऑन. क्वार्क, इलेक्ट्रॉन आणि जवळजवळ कशाशीच न धडकणारा न्यूट्रिनो या फर्मिऑनांचे जोडीदार म्हणजे स्क्वार्क, सिलेक्ट्रॉन, स्न्यूट्रिनो वगैरे. फोटॉन, क्वार्कांना बांधून ठेवणारा ग्लुऑन आणि हिग्ज या बोसॉनांचे म्हणजे फोटिनो, ग्लुइनो, हिग्जिनो वगैरे.

आता एक विचार करून पाहा. ही सममिती तंतोतंत असती, तर सिलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनाइतकाच हलका असता. अणूतल्या इलेक्ट्रॉनांची जागा सिलेक्ट्रॉनांनी घेतली असती, आणि बोसॉन असल्याने ते सगळेच्या सगळे सर्वांत खालच्या पातळीवर जाऊन बसले असते. कवचे नाहीत, संयुजा नाही, आवर्तसारणी नाही. तसे जग आपल्याभोवती नाही. तेव्हा ही सममिती असलीच तर ती भंगलेली असली पाहिजे, आणि जोडीदार कण आपल्या ओळखीच्या कणांहून बरेच जड असले पाहिजेत. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात चाललेल्या लेप या कण धडकवणाऱ्या यंत्राने हे तपासले : रूढ गृहीतके धरली तर सिलेक्ट्रॉन निदान इलेक्ट्रॉनाच्या सुमारे दोन लाख पट जड असला पाहिजे.

प्रश्न : जे कण कोणी पाहिलेले नाहीत, ते कल्पिण्याची गरज तरी का पडली? (निवृत्त शिक्षक, कागल)

उत्तर : गरज आधी गणितातली होती, भौतिकातली नंतर जाणवली. १९६७ साली सिडनी कोलमन आणि जेफ्री मँड्युला यांनी असे सिद्ध केले की अवकाश-काळाच्या सममिती आणि कणांच्या अंतर्गत सममिती नेहमीच्या रीतीने एकमेकींत मिसळता येत नाहीत. त्या सिद्धतेत एक वाट मोकळी राहिली होती : फर्मिऑनाचे बोसॉनात आणि बोसॉनाचे फर्मिऑनात रूपांतर करणारी सममिती. १९७१ मध्ये मॉस्कोतील युरी गोलफांद आणि येवगेनी लिख्तमान यांनी ती वाट दाखवली, आणि १९७४ मध्ये युलियस वेस व ब्रुनो झुमिनो यांच्या शोधनिबंधानंतर जगभरचे सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ तिच्याकडे वळले.

भौतिकातले कारण हिग्ज कणाच्या वस्तुमानाशी निगडित आहे. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कण सापडल्याचे सर्नने जाहीर केले. त्याचे वस्तुमान १२५ जीईव्ही (कणभौतिकीतले ऊर्जेचे व वस्तुमानाचे एकक), म्हणजे प्रोटॉनाच्या सुमारे १३३ पट. पुंजसिद्धान्तानुसार रिकाम्या अवकाशात क्षणभर उमटणारे इतर कण या वस्तुमानात भर घालतात किंवा त्यातून वजा करतात. आपले आजचे सिद्धान्त गुरुत्वाकर्षणाच्या पातळीपर्यंत, म्हणजे १० चा १९ वा घात इतक्या जीईव्हीपर्यंत, खरे धरले, तर या अधिक-उण्याचे आकडे अवाढव्य होतात आणि १२५ ही एवढीशी शिल्लक उरण्यासाठी ते तीसहून अधिक दशांश स्थळांपर्यंत जुळावे लागतात. आपल्या साखर कारखान्यांच्या काट्यावर दोन वेगळ्या गावांतल्या दोन टोळ्यांनी एकमेकींना न विचारता भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या ग्रॅमपर्यंत सारख्या वजनाच्या निघाल्या, तर काट्यावरचा माणूस त्याला योगायोग म्हणणार नाही. यामागे काहीतरी ठरलेले आहे, असेच त्याला वाटेल. अतिसममितीत हे ‘ठरलेले’ मिळते. फर्मिऑन आणि बोसॉन यांची भर विरुद्ध चिन्हांची असते. प्रत्येकाला जोडीदार असला की अधिकाला उणे आपोआप भेटते. मात्र यासाठी जोडीदार फार जड असून चालत नाही. ते हिग्जच्या आसपास, फार तर हजार-दोन हजार जीईव्हीपर्यंत असावेत, नाहीतर शिल्लक पुन्हा मोठी होऊ लागते. ही अट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो.

आणखी दोन गोष्टींनी या कल्पनेला बळ दिले. लेपवरील अचूक मोजमापे हाती आल्यावर १९९१ मध्ये असे दिसले की विद्युतचुंबकीय, क्षीण आणि तीव्र या तीन बलांच्या (शेवटची दोन अणुकेंद्रातली) तीव्रता अतिउच्च ऊर्जेपर्यंत हिशेबाने पुढे नेल्या, तर जोडीदार कण धरल्यास त्या जवळजवळ एका बिंदूत भेटतात. न धरल्यास चुकतात. दुसरी गोष्ट कृष्णद्रव्याची. विश्वात साध्या द्रव्याच्या पाचपटीहून अधिक न दिसणारे द्रव्य आहे, आणि अतिसममितीच्या सर्वाधिक अभ्यासलेल्या रूपात सर्वांत हलका जोडीदार कण विघटित होऊ शकत नाही. बहुतेक वेळा तो न्यूट्रॅलिनो नावाचा विद्युतभाररहित कण असतो, आणि कृष्णद्रव्यासाठी तो अनेक वर्षे पहिल्या पसंतीचा उमेदवार राहिला आहे. एका प्रश्नासाठी आणलेल्या कल्पनेने न विचारलेल्या दोन प्रश्नांचीही उत्तरे सुचवावीत, हे दुर्मीळ असते. दोन पिढ्यांनी तिच्यावर आयुष्ये का वेचली, ते मला यातूनच कळते.

प्रश्न : न्यूट्रॅलिनो जर कशाशीच धड टक्कर घेत नसेल, तर यंत्रात तो सापडला हे कळणार कसे? (अभियंते, शिरोली औद्योगिक वसाहत)

उत्तर : तो दिसत नाही, त्याची अनुपस्थिती मोजली जाते. सर्नच्याच २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या यंत्रामध्ये प्रोटॉनांचे पुंजके समोरासमोरून येतात आणि सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात. टकरीपूर्वी प्रोटॉनांचा सगळा संवेग नळीच्या दिशेने असतो, आडव्या दिशेने जवळजवळ शून्य. म्हणून टकरीनंतर बाहेर पडणाऱ्या सर्व कणांच्या आडव्या संवेगांची बेरीजही शून्यच यायला हवी. समजा, दोन ग्लुइनो तयार झाले आणि प्रत्येकाचे विघटन दोन क्वार्क व एक न्यूट्रॅलिनो यांत झाले. मग डिटेक्टरमध्ये कणांचे चार फवारे नोंदले जातील, आणि त्यांची बेरीज शून्य न येता एका बाजूला कित्येकशे जीईव्हीची तूट दिसेल. त्या बाजूने काहीतरी निसटून गेले आहे, असे त्या तुटीवरून कळते.

अडचण अशी की न्यूट्रिनोही असेच निसटतात. क्षीण बल वाहून नेणारा झेड बोसॉन तयार झाला, तर सुमारे २० टक्के वेळा तो न्यूट्रिनोंच्या जोडीत विघटित होतो आणि अगदी तशीच तूट मागे ठेवतो. यावरचा उपाय मला फार आवडतो. हाच झेड बोसॉन सुमारे ३.४ टक्के वेळा म्युऑनांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या जड भावंडांच्या, जोडीत विघटित होतो, आणि म्युऑन स्पष्ट दिसतात. संशोधक अशा घटना निवडतात, त्यांतले दोन्ही म्युऑन हिशेबातून काढून टाकतात, जणू ते निसटलेच, आणि उरलेल्या चित्रावरून न्यूट्रिनोंमुळे किती तूट दिसायला हवी याचा अंदाज बांधतात. त्या अंदाजापेक्षा ठळकपणे जास्त घटना मिळाल्या, तरच नव्या कणाचे नाव घ्यायचे. आजवर तशा मिळालेल्या नाहीत.

प्रश्न : कण सापडला नाही की ‘तो अजून जड असेल’ असे म्हणायचे. ही पळवाट नव्हे काय? अशी गोष्ट विज्ञानात कशी बसते? (वकील, गडहिंग्लज)

उत्तर : आपला आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते, कारण ‘अतिसममिती’ या एका नावाखाली दोन वेगळी विधाने केली जातात.

पहिले विधान असे की निसर्गात कुठल्यातरी ऊर्जेला ही सममिती आहे. या विधानातून जोडीदारांचे वस्तुमान निघत नाही. ते सममिती कशी भंगते यावर अवलंबून असते, आणि ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणून कोणत्याही एका यंत्राने हे विधान खोटे पाडता येत नाही, आणि तेवढ्यापुरता आपला आक्षेप मला मान्य आहे. दुसरे विधान अधिक धीट होते : हिग्जचे वस्तुमान योगायोगाने जुळलेले नसेल, तर जोडीदार कण आपल्या यंत्रांच्या टप्प्यातच असले पाहिजेत. हे विधान तपासण्याजोगे होते आणि ते तपासले गेले. २०१० पासून ७, मग ८, १३ आणि २०२२ पासून १३.६ टीईव्ही (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही) ऊर्जेला टकरी झाल्या. अ‍ॅटलस आणि सीएमएस या कोलायडरवरच्या दोन्ही प्रयोगांनुसार, रूढ गृहीतके धरल्यास, सुमारे २००० जीईव्हीपेक्षा हलका ग्लुइनो नाही, आणि टॉप या सर्वांत जड क्वार्कचा जोडीदार सुमारे १२०० जीईव्हीच्या खाली नाही. मोजक्या आकड्यांत बसवलेल्या अतिसममितीच्या ज्या साध्या गणिती प्रतिकृती २०१० पूर्वी सर्वांत लोकप्रिय होत्या, त्या जवळजवळ मोडीत निघाल्या आहेत.

हिग्जच्या वस्तुमानाची साक्षही दुहेरी आहे. अतिसममितीच्या किमान रूपात सर्वांत हलका हिग्ज सुमारे १३५ जीईव्हीपेक्षा जड असू शकत नाही, असे भाकीत आधीच केलेले होते, आणि १२५ त्यात बसते. पण तेवढे वस्तुमान मिळण्यासाठी टॉपचा जोडीदार बराच जड धरावा लागतो, आणि तो जड धरला की ज्या जुळणीपासून सुटका हवी होती तीच थोड्या प्रमाणात परत येते.

खगोलशास्त्रात याला समांतर असा प्रसंग घडलेला आहे. युरेनसच्या कक्षेतल्या विसंगतीवरून उर्बें ल व्हेरिये यांनी न दिसलेल्या ग्रहाचे गणित मांडले आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतल्या विसंगतीवरून त्यांनीच १८५९ मध्ये आणखी एक ग्रह सुचवला. लोकांनी तो अनेक वर्षे शोधला, आणि शेवटी १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्ताने दाखवले की तिथे ग्रह नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमच सुधारायला हवा होता. माणूस तोच, पद्धत तीच, निकाल वेगळे. म्हणून शोध घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. दोष द्यायचा तर हे कण पहिल्या दोन-चार वर्षांतच सापडतील असे ठासून सांगणाऱ्यांना द्यावा. प्रस्थापित मतालाही निरीक्षणाचा पुरावा मागायचा, हा आग्रह कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकर यांनी महास्फोट सिद्धान्ताच्या बाबतीत आयुष्यभर धरला, आणि अतिसममितीलाही तोच न्याय लावावा असे मला वाटते. शिक्षकांना माझी विनंती आहे की वर्गात ‘प्रत्येक कणाला जोडीदार असतो’ असे सांगू नये; ‘असावा असा एक प्रस्ताव आहे, आणि अमुक वस्तुमानापर्यंत तो सापडलेला नाही’ असे सांगावे.

प्रश्न : कोल्हापुरात शिकून या विषयात काम करता येईल का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, शाहूपुरी)

उत्तर : जरूर येईल. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. शिवाजी विद्यापीठात करता येते. त्यानंतर, किंवा बी.एस्सी.नंतरही, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा देता येते. सीएमएस डिटेक्टरमधील हेड्रॉन कॅलरीमीटरचा (क्वार्कांच्या बनलेल्या कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाचा) बाहेरचा भाग बांधण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे, आणि २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. पुण्यात जन्मलेल्या, तिथल्याच स. प. महाविद्यालयात शिकलेल्या रोहिणी गोडबोले यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहून याच जोडीदार कणांवर जगन्मान्य काम केले. मान्युएल ड्रीस आणि प्रोबीर रॉय यांच्यासह त्यांनी २००४ साली या कणांवर लिहिलेले पाठ्यपुस्तक जगभर अभ्यासले जाते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. तुम्ही आत्तापासून पुंजयांत्रिकी आणि विशेष सापेक्षता पक्की करा, आणि जोडीने संगणकावर आकडेवारी हाताळायला शिका, कारण २०३० च्या सुमारास कोलायडरचा सुधारित टप्पा सुरू झाल्यावर मूळ योजनेच्या सुमारे दहापट माहिती जमा होणार आहे आणि ती तपासायला माणसे लागणार आहेत.