दिल्लीचा मित्र आठवडाभर पुण्यात येतोय, रोज एक किल्ला होईल का?

नाही हो. म्हणजे ओढूनताणून होईल, पण चौथ्या दिवशी मित्र तुमच्या सोफ्यावर पाय वर करून मूव्ह चोळत बसलेला असेल आणि तुम्ही शेजारी बसून त्याला पाचव्या दिवसाच्या किल्ल्याचे फोटो दाखवत असाल, की बघ हे राहिलं.

तुम्ही लिहिलंय की मित्र हिमालयातले केदारकंठा, हर की दून वगैरे ट्रेक करून आलेला आहे, डिसेंबरमध्ये सात दिवस तुमच्याच घरी राहणार, आणि त्याने 2025 ला युनेस्कोच्या यादीत आलेले आपले किल्ले वाचून ठेवलेत. मग शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड आणि जमलंच तर साल्हेर, असा बेत. आधी ती यादी बाजूला ठेवा. ती मराठा लष्करी स्थापत्य म्हणून केलेली यादी आहे, त्यात 12 किल्ले आहेत, त्यातला एक जिंजी तर तामिळनाडूत आणि चार सागरी किल्ले, त्यामुळे ती ट्रेकचा आठवडा ठरवायला बनवलेली नाहीच. साल्हेर भारी आहे, 1567 मीटर, कळसूबाईनंतर राज्यात नंबर त्याचाच, पण तो नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात, पुण्याहून जायला एक दिवस यायला एक दिवस. रायगड आणि प्रतापगड बघायलाच हवेत, कोणी नाही म्हणत नाही, पण प्रतापगडाला गाडी पार वरपर्यंत जाते आणि रायगडाला बरेच लोक रोपवेने जातात, म्हणजे दिवसभर तुम्ही घाटात स्टिअरिंग फिरवणार आणि डोंगर चढणार किती, तर थोडासा. तो डोंगरासाठी येतोय ना? मग गाडीतले तास कमी करा, हे माझं पहिलं आणि खरं तर एकमेव म्हणणं आहे, बाकी सगळं त्यातूनच येतं.

आता हिमालयवाल्या माणसाबद्दल. माझ्याकडे डेहराडूनचा एक मित्र असाच राहायला आला होता, तब्येतीने ठणठणीत, आणि आल्या आल्या गूगलवर राजगडाची उंची बघून म्हणाला, अरे ये तो हमारे मसूरी से भी नीचे है. बरोबरच आहे, आपला सगळ्यात उंच कळसूबाई 1646 मीटर, आणि केदारकंठा साडेबारा हजार फूट. पण उंचीचा आकडा आणि दमणं यांचा संबंध तेवढा सरळ नाही. तिकडे चढ लांब पण वळणावळणाचा, बॅग बऱ्याचदा खच्चरावर, तंबू लावून ठेवलेला, कॅम्पवर पोचलं की हातात सूप. इकडे पायथ्यापासून डोंगराची सोंड धरली की सरळ वर, सावली नाही, डिसेंबर असला तरी अकरानंतर ऊन चटके देतं, पाणी पाठीवर आणि त्याच दिवशी तेवढंच परत खाली. खरी मजा उतरताना. घसारा असतो, म्हणजे सुट्या मुरमाचा बारीक थर, त्याच्यावर हिमालयातले ते जाड टणक बूट असे सरकतात की बघायला नको. माझा मित्र पाठीवर घसरत आला आणि उठून हसला, पण त्यानंतर उंचीबद्दल काही बोलला नाही. बूट त्याला इथेच घ्यायला लावा, अ‍ॅक्शनचे ट्रेकिंगचे, आपल्याकडचे निम्मे ट्रेकर तेच घालतात, स्वस्त आहेत आणि कातळाला बरी पकड देतात. फक्त पहिल्या दिवशी घेऊन घरात, सोसायटीत घालून फिरवा, नाहीतर फोड येतील.

मी असं करेन. पहिला दिवस काही नाही. तो विमानाने किंवा ट्रेनने आलेला असतो, त्याला झोपू द्या, संध्याकाळी फार तर पर्वतीला नेऊन आणा.

दुसऱ्या दिवशी सिंहगड, पण पायी, आतकरवाडीतून, आणि वीकडेला. शनिवार-रविवारी सिंहगडाचं नाव पण काढू नका, घाटात गाड्यांची जी रांग लागते त्यात अख्खी सकाळ जाते. स्वारगेटहून पायथ्याला पीएमपीची बस जाते, पहाटेची पहिली धरली तर ऊन यायच्या आत वर. हा दिवस म्हणजे तुमची परीक्षा नाही, त्याची आहे, फक्त त्याला सांगू नका. चढताना सगळेच बरे चालतात, तुम्ही उतरताना बघा, गुडघा धरतोय का, पाय आडवा टाकतोय का, किती वेळा थांबतोय. त्यावरून पुढचा आठवडा ठरवायचा. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही, हे झाल्याशिवाय खाली यायचं नाही, आणि देवटाक्याचं पाणी दाखवायचं.

तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात, माणूस जिना उतरताना कठडा धरतो, तेव्हा हलकं काहीतरी. लोहगड याला उत्तम, कारण गाडीच काढायची नाही, लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं आणि चालत भाजे. भाज्याची लेणी आधी बघा, बरेच लोक वेळ नाही म्हणून तशीच पुढे जातात आणि ते मला पटत नाही. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह आहे तो, दगडाच्या छताला आतून लाकडी कमानी, गरज काहीच नसताना, कारण कारागिरांना आधीपासून लाकडाचीच बांधणी ठाऊक होती. मग लोहगड, विंचूकाट्याच्या (गडाच्या विंचवाच्या नांगीसारख्या लांब सोंडेच्या) टोकापर्यंत जाऊन यायचं, बस. विसापूर जोडायचा मोह होईल, समोरच दिसतो, पण नको. आणि दुपारच्या लोकल कमी असतात, टाइमटेबल बघून उतरा, नाहीतर मळवलीच्या फलाटावर तासन् तास शेंगा खात बसाल (त्यातही मजा आहे म्हणा).

चौथा दिवस घरी. हे लिहून ठेवा, कारण हाच दिवस तुम्ही आणखी एका किल्ल्यासाठी खाणार आहात. कपडे धुवायचे, बूट वाळवायचे, त्याला लक्ष्मी रोडवर सोडायचं, दुपारी झोप. आणि घरच्यांनाही एक सकाळ मिळू द्या की जिच्यात पहाटे चारला कोणी किचनचा लाइट लावत नाही. पाहुणा तुमचा असतो पण डबे घरच्यांना भरावे लागतात. त्यावरून आठवलं, डब्याला पोळी-भाजी नेऊ नका, भाजी सांडते नाहीतर आंबते, दशम्या किंवा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या, उत्तरेकडच्या माणसाला धपाटं म्हणजे पराठाच वाटतो, आवडीने खातो. रोज संध्याकाळी बाहेरचं मागवलंत तर घरी सुटका होईल, हा आगाऊ सल्ला समजा.

पाचवा-सहावा दिवस राजगड, आणि हा या आठवड्याचा मुख्य भाग. दुपारी निघायचं, नसरापूर फाट्याने आत वळून गुंजवण्याला जायचं आणि रात्री गावातच राहायचं. गडावर मुक्कामाच्या भानगडीत पडू नका, पुरातत्त्व खात्याचे नियम कडक झालेत, आणि खरं सांगू का, गावातलं घर जास्त चांगलं. चुलीवरची भाकरी, इंद्रायणीचा भात, वरण, आणि घरातले आजोबा तुमच्या मित्राशी जे हिंदी बोलतील ते ऐकायला मिळतं. पैसे आधी बोलून घ्या आणि दुसऱ्या दिवशी घासाघीस करू नका. एक बघा, मॅपवर नुसतं राजगड टाकू नका, गडाला वाटा बऱ्याच आहेत, पाली दरवाज्याची वाट वाजेघरच्या बाजूने येते, मॅप तुम्हाला भलतीकडे नेऊन सोडेल, म्हणून गुंजवणे गावच टाका.

सकाळी उजाडता उजाडता निघायचं. जंगलातून चढत चढत शेवटी चोरदरवाज्याचा टप्पा येतो, तिथे उघडा कातळ आहे, खोबण्या आणि रेलिंग धरून चढायचं, एका बाजूला दरी, आणि वर गेल्यावर एवढासा दरवाजा, वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. वाकून आत शिरून दोन पावलं वर आलं की समोर एकदम पद्मावती तलाव. मित्राला पुढे ठेवा तुम्ही मागे राहा, म्हणजे त्याला ते पहिल्यांदा एकट्याला दिसेल. तिथे आसपास गावातल्या बायका ताक, लिंबू सरबत घेऊन बसलेल्या असतात. माझ्या मित्राने ताकाचे दोन ग्लास एका दमात संपवले, मावशींनी न विचारता तिसरा भरला आणि बोटाने मीठ हलवत म्हणाल्या, हळू पी बाबा, पळून नाही चाललं ते. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, पण तो हळू प्यायला.

वर इतिहासाचं लेक्चर देऊ नका प्लीज. आपल्याला सवय असते, प्रत्येक बुरुजाजवळ थांबून महाराज इथे, जिजाऊसाहेब तिथे. रायगडाच्या आधी हीच राजधानी, जवळपास पंचवीस वर्षं, एवढं सांगा आणि गप्प बसा, तो स्वतः विचारेल. माझ्या मित्राने विचारलं की एवढ्या उंचावर माणसं राहायची तर पाणी कुठून आणायचे? या एका प्रश्नात सगळा किल्ला समजावता येतो. कातळात टाकं खोदायचं, निघालेला दगड तटबंदीला वापरायचा, पावसाळ्यात टाकं भरतं आणि खालचा कातळ बेसॉल्टचा, त्यामुळे पाणी मुरत नाही. मग तो स्वतःच टाकी शोधत फिरला. समोरच्या तोरणा किल्ल्याकडे बघताना डोंगराला जे आडवे थर दिसतात ते पण दाखवा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा एकावर एक येऊन थिजला, भाकरीची चवड रचावी तसा. हिमालयातल्या माणसाला हे नवीन असतं, त्याच्याकडचे डोंगर दुमडून वर आलेत, आपले साचून झाले आणि मग पावसाने कापले.

संजीवनी माची (माची म्हणजे बालेकिल्ल्याखाली पसरलेला तटबंदीचा भाग) पूर्ण करायची, दुहेरी तटबंदी बघायची. बालेकिल्ला त्याचे पाय बघून ठरवा, चढ उभा आहे. सुवेळा माचीला नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत जाणार असाल तर आरडाओरडा नाही, सिगारेट नाही, सेंट-डिओ मारून यायचं नाही, कड्यांना आग्या मोहोळ असतं आणि माशा उठल्या तर तिथून पळायला जागा नाही. हे त्याला गाडीतच सांगा, वर गेल्यावर नाही. आणि कोणीतरी तुम्हाला सांगेलच की राजगड-तोरणा एकत्र करा, अळू दरवाज्याने उतरून डोंगराच्या धारेने तोरण्याच्या बुधला माचीवर. जबरदस्त वाट आहे, पण उजाडल्यापासून अंधारापर्यंत चालायची तयारी लागते आणि तुमची गाडी गुंजवण्यात, तुम्ही तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात. या आठवड्यात नको.

मित्र दुसऱ्या दिवशी सिंहगडावर हरणासारखा उतरला असेल तर मात्र राजगडाऐवजी हरिश्चंद्रगड करा, पाचनईहून, ती सोपी वाट आहे. दुपारपर्यंत केदारेश्वराची गुहा, पाण्यातलं ते मोठं शिवलिंग आणि चार खांबांपैकी उरलेला एक, आणि संध्याकाळी कोकणकडा. कोकणकड्यावर पोटावर झोपून टोकाला जायचं, उभ्याने नाही, कितीही सांगितलं तरी लोक सेल्फी घेतात. पुण्याहून ड्राइव्ह लांब आहे, म्हणून मी राजगड म्हणालो, पण कोकणकडा बघितलेला बाहेरचा माणूस दुसरं काही आठवत नाही हेही खरं.

सातव्या दिवशी त्याचं जाणं संध्याकाळी असेल तर सकाळी काहीच धरू नका, घाटात टायर बसला तर फ्लाइट गेली. एक दिवस हाताशी जास्त निघालाच तर रायरेश्वर. भोरहून कोर्ले गावाच्या वर गाडी जाते, मग थोडी चाल आणि लोखंडी शिडी, आणि वर हे एवढं लांबच लांब पठार, जंगमांची घरं, शेती, महादेवाचं देऊळ. 1645 ची स्वराज्याची शपथ इथली म्हणतात. थकलेल्या पायांना पठार बरं.

पाणी माणशी तीन लिटर, इलेक्ट्रालच्या पुड्या, टोपी, आणि त्याला जाड थर्मल आणू नको म्हणून आधीच मेसेज करा, पहाटे स्वेटर लागतो आणि नऊ वाजता तो कमरेला बांधायचा असतो. दोघांनीच जाणार असाल तर कुठे चाललोय ते घरी सांगून जा, गडाच्या मागच्या बाजूला रेंज जाते. पेट्रोल-टोलचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या, पाहुणा आहे म्हणून तुम्ही सगळं भरत राहाल आणि त्याला ते बोचेल, माझ्या मित्राने शेवटी माझ्या नकळत टाकी फुल्ल केली होती.

आणि तारखा अजून पक्क्या नसतील तर 25 ते 31 डिसेंबर सोडून कुठलाही आठवडा घ्या. त्या दिवसांत अर्धी मुंबई लोणावळ्यात आणि अर्धं पुणं सिंहगडाच्या घाटात असतं. 8-10 तारखेच्या आसपास बोलवा, त्यातही तो रविवारी उतरेल असं बघा, म्हणजे पहिला दिवस आरामात जाईल आणि किल्ले सगळे सोमवार ते शुक्रवारात बसतील. तुमच्या रजेचं मात्र बघा, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही.