गोवराच्या घरी पहिल्यांदा जाताना

जनता वसाहतीत तुझी पहिलीच फेरी ना? मग सुरुवातीला एवढंच धर. पुरळ गेलं म्हणजे गोवर संपला, असं समजू नकोस. जुन्या आजारांची ओळख ठेवणाऱ्या पेशीच हा विषाणू मारतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांमध्ये 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं (रोगांशी लढणारी रक्तातली प्रथिनं) गेलेली आढळली, 2019 चा अभ्यास आहे. म्हणून पुढची दोन-तीन वर्षं पोराचा खोकला, जुलाब हलक्यात घेऊ नकोस. धाप लागली की थेट दवाखाना.

या कामात नव्या आलेल्या मुली इथे चुकतात:
- नऊ महिन्यांचा एमआर (गोवर-रुबेला लस) डोस झाला की लसीकरणाचं कार्ड मिटतात. 16 ते 24 महिन्यांतला दुसरा राहतोच.
- गोवर झालेल्या मुलाला ‘अ’ जीवनसत्त्व एकदाच देतात. दुसऱ्या दिवशीही द्यायचं असतं.

आजीने उशाशी कडुलिंब ठेवला असेल, तर त्यावरून वाद नको. कार्ड माग, तारखा वाच. जमेल तुला.