वाचक विचारतात: ब्लॅकबर्नचा लीग वनमधला सीझन आणि बाकी बरंच काही

प्रश्न: व्यंकीजमुळे ब्लॅकबर्न रोव्हर्सचं नाव पुण्यात बऱ्याच जणांनी ऐकलंय, पण मी इंग्लंडचं फुटबॉल बघायला लागलो तेव्हापासून हा क्लब प्रीमियर लीगमध्ये दिसलाच नाही. मित्र म्हणतो ते पार तिसऱ्या डिव्हिजनला गेले होते. खरंय का हे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: मित्राचं बरोबर आहे. २०१७-१८ चा अख्खा सीझन ब्लॅकबर्न लीग वनमध्ये खेळलं. सगळ्यात वर प्रीमियर लीग, त्याखाली चॅम्पियनशिप आणि मग लीग वन. आणि क्लब साधासुधा नाही हं, १८८८ ला ज्या १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली त्यातला एक, १९९४-९५ ला प्रीमियर लीग जिंकलेला. व्यंकीजनी नोव्हेंबर २०१० मध्ये तो विकत घेतला, २०१२ ला टीम प्रीमियर लीगमधून बाहेर पडली, पाच वर्षं चॅम्पियनशिपमध्ये काढली आणि २०१७ ला तिथूनही खाली. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पातळीवर गेलाय असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. तिथले फॅन्स मालकांवर भयंकर चिडलेले, निदर्शनं झाली, आणि ते मी समजू शकतो, कारण तिथे आजोबा ज्या क्लबचे त्याच क्लबचा नातू, मालक बदलले म्हणून तो दुसरीकडे जात नाही.

खाली गेले तो दिवस बघा, ७ मे २०१७. शेवटची मॅच ब्रेंटफर्डच्या मैदानावर आणि ती ब्लॅकबर्नने ३-१ जिंकली. जिंकूनही खाली! कारण त्याच वेळी नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचला ३-० हरवलं, दोघांचे पॉइंट सारखे झाले, ५१-५१, आणि गोल डिफरन्स (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) फॉरेस्टचा उणे १० तर ब्लॅकबर्नचा उणे १२. आधीच हातातून गेलेल्या मॅचमध्ये उगाच खाल्लेला एखादा जास्तीचा गोल मे महिन्यात असा अंगावर येतो.

मॅनेजर टोनी मोब्रे त्याच फेब्रुवारीत आले होते. टीम खाली गेली तरी क्लबने त्यांना ठेवलं आणि माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. लीग वनची सुरुवात मात्र बेकार झाली, साउथएंडला २-१ हरले, मग घरी ईवूड पार्कवर डोन्कास्टरने ३-१ मारलं, म्हणजे पहिल्या दोन मॅच आणि पॉइंट शून्य, अशा वेळी कुठलाही मालक मॅनेजरला घरी पाठवायचा विचार करतो. ते झालं नाही. आणि तीच टीम ४६ मॅचमध्ये फक्त ६ हरली, २८ जिंकली, १२ ड्रॉ, ९६ पॉइंट. त्याच उन्हाळ्यात जिलिंगहॅमहून आणलेल्या ब्रॅडली डॅकने लीगमध्ये १८ गोल केले आणि लीग वनचा प्लेअर ऑफ द सीझन तोच झाला. कॅप्टन चार्ली मलग्रू खरा डिफेंडर, पण फ्री किक आणि पेनल्टी त्याच्याकडे, त्यामुळे गोल करणाऱ्यांच्या यादीत तोही बराच वर. जानेवारीत न्यूकॅसलहून ॲडम आर्मस्ट्राँग लोनवर, म्हणजे उसना, आला आणि अर्ध्या सीझनमध्ये ९ गोल करून गेला, पुढे त्याला विकतच घेतलं. २४ एप्रिल २०१८ ला मलग्रूच्या एकुलत्या एका गोलवर मॅच जिंकून प्रमोशन पक्कं केलं, आणि तेही डोन्कास्टरमध्ये, ज्यांनी ऑगस्टमध्ये घरात येऊन मारलं होतं त्यांच्याच मैदानावर.

एवढं करूनही पहिला नंबर नाही मिळाला, तो ९८ पॉइंट घेऊन विगनने नेला. हेच विगन ज्यांनी त्या फेब्रुवारीत एफए कपमध्ये (सगळ्या पातळ्यांवरचे क्लब खेळतात ती नॉकआउट स्पर्धा) विल ग्रिगच्या गोलवर मँचेस्टर सिटीला १-० बाहेर काढलं, आणि ती सिटी म्हणजे त्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये १०० पॉइंट करणारी सिटी. म्हणून लीग वनला कोणी दुय्यम म्हटलं की मला मनापासून राग येतो.

प्रश्न: मुलगा बारावीला आहे आणि मंगळवारी रात्री दीड-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर इंग्लंडच्या कुठल्या तरी खालच्या डिव्हिजनची मॅच बघत बसतो. ओरडून उपयोग नाही. काय करू? (एक आई, सिंहगड रोड)

उत्तर: ताई, त्यांची मंगळवारची मॅच तिथल्या पावणेआठला असते, आपल्याकडे हिवाळ्यात सव्वा वाजतो आणि संपेपर्यंत तीन, बारावीच्या मुलाला हे झेपणारं नाही. पण शनिवारच्या मॅच तिथे दुपारी तीनला म्हणजे आपल्याकडे थंडीत रात्री साडेआठला, बाकी दिवसांत साडेसातलाच. बहुतेक मॅच शनिवारीच असतात. त्या त्याला बिनधास्त बघू द्या, जेवताना तुम्हीही शेजारी बसा, आणि मंगळवारचे हायलाइट्स बुधवारी सकाळी चहाबरोबर. पूर्ण बंद करायला जाऊ नका एवढं मात्र नक्की सांगेन.

प्रश्न: २४ टीम, प्रत्येकी ४६ मॅच, त्यात निम्म्या टीम मधेच कुठेतरी लटकलेल्या. फेब्रुवारीनंतर यात बघण्यासारखं राहतं काय? (एक वाचक, औंध)

उत्तर: भरपूर राहतं. लीग वनमध्ये वरचे दोन थेट वर जातात, तीन ते सहा नंबरवाले उरलेल्या एका जागेसाठी प्लेऑफ खेळतात आणि फायनल वेम्बलीला, खालचे चार लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या पातळीवर जातात. म्हणजे बाराव्या नंबरची टीम चार मॅच जिंकली की प्लेऑफच्या गप्पा आणि चार हरली की पोटात गोळा. २०१७-१८ लाच बघा, श्रूजबरी ८७ पॉइंट घेऊन तिसरे आणि ७९ वाले रॉदरम चौथे, पण प्लेऑफ फायनलला रॉदरमने त्यांना एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ हरवलं आणि वर गेले रॉदरम. वर्षभर ८ पॉइंटनी पुढे असलेली टीम तिथेच राहिली. काही जणांना हे अन्यायाचं वाटतं, मला नाही वाटत, कारण हे प्लेऑफ नसते तर मार्चमध्येच अर्ध्या टीमचा सीझन संपला असता.

आणि तळाची भांडणं तर विचारूच नका. ८ मे १९९९, कार्लाइल युनायटेड, चौथी पातळी. तेव्हा तळाची एकच टीम लीगच्या, म्हणजे वरच्या चार पातळ्यांच्या बाहेर जायची. तिकडे स्कारबरोची मॅच १-१ संपलेली, त्यांचे फॅन्स आपण वाचलो म्हणून मैदानात नाचतायत, आणि इकडे कार्लाइल विरुद्ध प्लिमथ अजून १-१, इंज्युरी टाइम, जिंकलं नाही तर खेळ खलास. कॉर्नर मिळाला. गोलकीपर जिमी ग्लास, तोही स्विंडनहून लोनवर आलेला, आपला गोल सोडून धावत पुढे आला. हेडर गेला, समोरच्या कीपरने अडवला, बॉल सुटून ग्लासच्या समोर पडला आणि त्याने उजव्या पायाने आत मारला. २-१. कार्लाइल वाचलं, स्कारबरो लीगच्या बाहेर गेलं ते परत आलंच नाही, २००७ मध्ये क्लबच बंद झाला. एका गोलवर एका गावाचा क्लब राहिला आणि दुसऱ्या गावाचा गेला, हे जिथे घडतं तिथे मधल्या टीमच्या मॅचलाही अर्थ असतो.

प्रश्न: बालेवाडीला एफसी पुणे सिटीच्या मॅचना जायचो. क्लब गेला आणि सगळंच गेलं. इंग्लंडमध्ये असं होतं का? (एक वाचक, बाणेर)

उत्तर: होतं, आणि योगायोग असा की महिनासुद्धा तोच. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे सिटीची फ्रँचायझी हैदराबादला गेली आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला बरी एफसीला लीगने पैशाच्या गोंधळामुळे बाहेर काढलं. बरी म्हणजे जिथे आपला बायचुंग भुतिया १९९९ पासून खेळला तोच क्लब, १९०० आणि १९०३ चा एफए कप जिंकलेला. वर ब्लॅकबर्नचा जो सीझन सांगितला त्यात बरी सगळ्यात शेवटचे होते, पुढच्याच वर्षी लीग टूमधून प्रमोशन मिळवलं, आणि नवीन सीझनची एकही लीग मॅच न खेळता हकालपट्टी. त्या वर्षी लीग वन २३ टीममध्येच खेळली गेली.

फरक पुढे आहे. तिथल्या लोकांनी नवीन क्लब काढून अगदी तळापासून सुरुवात केली, आणि २०२३ पासून बरी एफसी या नावाने पुन्हा आपल्या जुन्या गिग लेनवर खेळायला लागले, खूप खालच्या पातळीवर, पण तेच मैदान, तेच लोक. आपल्याकडे पुणे सिटी त्याच २०१७-१८ ला पहिल्यांदा इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलला पोचलं होतं, लोक जोडले जात होते, आणि वर्ष-दीड वर्षात काहीच उरलं नाही. आपल्याकडे खाली जाऊन पुन्हा सुरुवात करायला पायऱ्याच नव्हत्या, याचं मला अजूनही वाईट वाटतं. पुण्यात फुटबॉल बघणारे लोक कमी नाहीयेत.

प्रश्न: मी नववीत आहे, पिंपरीला अकॅडमीत खेळतो. खालच्या लीगमध्ये खेळून कोणी खरंच मोठं झालंय का? (एक विद्यार्थी, पिंपरी)

उत्तर: झालंय की रे. हॅरी केन २०११ ला लीग वनमध्ये लेटन ओरिएंटकडून लोनवर खेळत होता. जेमी वार्डी तर पाचव्या पातळीवर फ्लीटवुडकडून खेळायचा, २०१२ ला पंचविशीत लेस्टरने त्याला घेतलं आणि २०१६ ला तो प्रीमियर लीग चॅम्पियन होता. आणि लेस्टर स्वतः २००८-०९ ला लीग वनमध्येच होते. तू लेफ्ट फूट आहेस की राइट ते लिहिलं नाहीस, पण दोन्ही पायांनी पास द्यायची प्रॅक्टिस आत्तापासून कर, आणि सरांना सांगून प्रत्येक मॅचमध्ये थोडा वेळ तरी तुझी नसलेली पोझिशन माग.