कॉलेजचं दीड वर्ष शिल्लक असताना पुतण्याने प्रोफेशनल धावपटू व्हावं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: पुतण्या अमेरिकेत डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या गटातल्या) कॉलेजकडून धावतो, तिसरं वर्ष चालू आहे, ५००० मीटरला त्याची सर्वोत्तम वेळ १३ मिनिटं १२ सेकंद आहे, आणि एका बूट कंपनीने वर्षाला ८० हजार डॉलरचा करार पुढे केलाय. माझं उत्तर: आत्ता सही करू नका. पण त्याआधी सांगा, त्याचा पासपोर्ट कुठला?

भारतीय असेल आणि तो एफ-१ व्हिसावर शिकत असेल, तर बाकीचा विचार नंतर. कंपनीचा करार म्हणजे काम, आणि परवानगीशिवाय काम केलं की विद्यार्थी व्हिसाच धोक्यात येतो. प्रो व्हायचं तर पी-१ए, म्हणजे खेळाडूंसाठीचा व्हिसा लागतो. तो अर्ज खेळाडूने स्वतः करायचा नसतो, कंपनीने किंवा अमेरिकेतल्या एजंटने करायचा असतो, आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय दर्जाची कामगिरी कागदावर दाखवावी लागते. आधी कॉलेज सोडलं आणि मग वकील शोधला, असा उलटा क्रम केला की पोरगं अडकतं.

अमेरिकन नागरिक असेल तर पैशाकडे येऊ. १ जुलै २०२१ च्या आधी हा पेच खरा होता, कारण कॉलेजात राहायचं तर स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलर घेता येत नसे. आता घेता येतो. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा सौदा असेल तर नोंदवावा लागतो. २०२५ पासून कॉलेजंही थेट पैसे देऊ शकतात, पण त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलवाले नेतात, लांब पल्ल्याच्या धावपटूने फार आशा धरू नये. म्हणजे स्कॉलरशिप, कोच, फिजिओ, डॉक्टर हे सगळं चालू ठेवून बुटाचा छोटा करारही करता येतो. फक्त एजंटशी होणारा करार नाव-प्रतिमेच्या (म्हणजे जाहिरातीच्या) कामापुरताच आहे ना, हे कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून, म्हणजे नियम सांभाळणाऱ्या कचेरीकडून, तपासून घ्या. तिथे चूक झाली तर कॉलेजकडून धावायची पात्रताच जाऊ शकते.

आता ते ८० हजार. कमी वाटत नाहीत, पण ते घरी किती येतात ते बघा. अशा करारांत बहुधा कपातीचं कलम असतं: देशाच्या क्रमवारीत ठरलेल्या जागेखाली घसरला, वर्षात ठरल्यापेक्षा कमी रेस धावला किंवा सलग काही महिने दुखापतीने बाहेर राहिला, की रक्कम कापली जाते. हिशोबापुरती २५ टक्के धरा. ८० चे ६० हजार झाले. एजंटचे साधारण १५ टक्के, म्हणजे ९ हजार गेले, राहिले ५१. तो कंपनीचा नोकर नसतो, स्वतंत्र व्यावसायिक ठरतो, म्हणून १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, जवळपास ७ हजार. उरलेल्या ४४ हजारांतून आयकर, भाडं, आरोग्य विमा (वयाच्या २६ पर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येतं, ते सोडू नका), मसाज आणि उंचावरचे कॅम्प. अशा कॅम्पचं ॲरिझोनातलं गाव फ्लॅगस्टाफ जवळपास २१०० मीटरवर आहे आणि तिथलं घरभाडंही चढंच. हाडाला बारीक तडा गेला की तीन-चार महिने सहज जातात, आणि विशीतल्या धावपटूला ते नवीन नाही. कॉलेजात त्या काळात उपचार फुकट होतात, प्रो झाल्यावर कराराची रक्कमच कापली जाते.

बक्षिसांवर घर चालवायचा विचार असेल तर विश्व अजिंक्यपदात पहिल्याला ७० हजार डॉलर मिळतात, आठव्याला ५ हजार. आणि तिथे पोचायचं कसं? टोकियो २०२५ ची पात्रता वेळ १३:०१ होती. ११ सेकंद म्हणजे त्या वेगाने साधारण ७० मीटरचं अंतर. ते भरून निघेल, पण अजून निघालेलं नाही, आणि कंपनीलाही ते माहीत आहे, म्हणून आकडा ८० आहे.

लवकर गेलेल्यांचं वाटोळं होतं असं मात्र नाही. कोल हॉकरने २०२१ मध्ये ओरेगॉन विद्यापीठ सोडलं आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण घेतलं. त्याच शर्यतीत कांस्य घेणारा यारेड नुगूस २०२२ पर्यंत नोत्र दाम विद्यापीठाकडूनच धावत होता. तुमच्या पुतण्याशी फरक एवढाच, की हॉकर सही करताना टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत सहावा आलेला होता. शिवाय कॉलेजचा कोच व्हर्जिनिया टेक या दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर हॉकरही त्याच्यामागे गेला. निको यंगने १०,००० मीटर २६:५२ मध्ये धावून दाखवलं आणि नंतर त्याच वर्षी कॉलेज सोडलं. थोडक्यात, दोघांनी आधी भाव वाढवला आणि कोच सोडला नाही. मला हे कोचचं पैशापेक्षा महत्त्वाचं वाटतं. नव्या गटात गेल्यावर आठवड्याचं अंतर, जिम, उंची, सगळं एकदम बदललं तर पहिलं वर्ष दुखण्यात जातं.

कॉलेजचा खरा तोटा कॅलेंडरचा आहे. हेमंतात क्रॉस कंट्री, मार्चमध्ये इनडोअर, जूनमध्ये आउटडोअर, अशा तीन राष्ट्रीय स्पर्धांसाठी वर्षातून तीनदा फॉर्म टोकाला न्यायचा, आणि उन्हाळ्याच्या शेवटी विश्व अजिंक्यपद येईपर्यंत पाय संपलेले. यावर कोचशी आत्ताच बोला. इनडोअर सीझन पूर्ण सोडायचा किंवा एकच रेस धावायची, असं कित्येक कोच मान्य करतात.

सही करायचीच झाली तर जूनच्या राष्ट्रीय स्पर्धेनंतर, डिसेंबरात नको. करार २०२८ च्या डिसेंबरपर्यंतचा मागा, म्हणजे लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक आत येतं. पहिली दोन वर्षं कपात नाही, हे लिहून घ्या. राहिलेल्या डिग्रीची फी कंपनीने भरायची, हेही लिहून घ्या, यावर कंपन्या फार ताणत नाहीत. 'मॅच करण्याचा हक्क' नावाचं कलम असेल तर त्याची मुदत किती ते बघा, कारण करार संपल्यावर दुसऱ्या कंपनीने बोली लावली की जुनी कंपनी तेवढेच पैसे देऊन त्याला धरून ठेवू शकते, आणि हे माहीत असल्याने दुसरे बोली लावायलाच येत नाहीत. कागद एजंटच्या वकिलाला नको, तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा.