शिकागो बेअर्सच्या इतिहासातला सर्वांत थोर रनिंग बॅक कोण?

अमेरिकन फुटबॉलमधल्या या संघाचा सर्वांत थोर रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, कोण, हे तुम्ही विचारलंय: पेटन की सेयर्स, आणि त्यांच्या आधीचं कोणी या रांगेत बसतं का. माझा क्रम असा: वॉल्टर पेटन पहिला, गेल सेयर्स दुसरा, ब्रॉन्को नागुर्स्की तिसरा. रेड ग्रेंजला मी पहिल्या तिघांत घेत नाही, आणि यावरून शिकागोतली जुनी मंडळी माझ्यावर उखडतात.

आधी कबुली देतो. मी इथल्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहायला आलो 2004 साली. त्यामुळे या तिघांपैकी एकालाही मी मैदानात पाहिलेलं नाही. जे पाहिलं ते जुन्या चित्रफितींत, आणि जे समजलं ते ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्यामुळे. त्यांनीच मला हा खेळ शिकवला. रनिंग बॅकचं काम मला कळलं ते मात्र कबड्डीमुळे. चढाईला गेलात, समोर सातऐवजी अकरा जण आहेत, आणि कोणाला शिवून परत फिरायचं नाही, तर चेंडू पोटाशी धरून त्या सगळ्यांतून पलीकडे निघायचंय. हूल द्यायची, नाहीतर अंगावर घ्यायचं. तिसरा मार्ग नाही.

पेटन 1975 मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटमधून बेअर्सकडे आला. पहिल्याच सामन्यात त्याच्या हाती आठ वेळा चेंडू दिला गेला आणि चेंडू पुढे नेल्याचे एकूण यार्ड निघाले शून्य. तेरा हंगामांनंतर तो थांबला तेव्हा खात्यावर 16,726 यार्ड होते. तो विक्रम 2002 साली एमिट स्मिथने मोडला. पण विक्रमासाठी मी त्याला पहिला लावत नाही. सत्तरच्या दशकातल्या बेअर्सकडे भरवशाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून डाव चालवणारा खेळाडू, नव्हता, त्यामुळे चेंडू 34 नंबरच्या जर्सीतल्या पेटनकडेच जाणार हे समोरच्या अकराही जणांना ठाऊक असायचं. ठाऊक असूनही तो थांबत नसे. 20 नोव्हेंबर 1977 ला मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध फ्लूने बेजार असताना त्याने 40 वेळा चेंडू नेला आणि 275 यार्ड काढले. एका सामन्यातला तो तेव्हाचा उच्चांक. बेअर्स जिंकले 10-7 असे. आता त्या दिवशी बाकीच्या संघाने काय दिवे लावले असतील ते तुम्हीच ताडा.

त्याचं टोपणनाव होतं ‘स्वीटनेस’, गोडवा. टॅकल करायला, म्हणजे धरून पाडायला, येणाऱ्यांना तो गोडवा कितपत लागला असेल, शंकाच आहे. कडेच्या रेषेबाहेर सटकून मार चुकवणं बहुतेक धावपटू करतात, त्यात काही कमीपणाही नाही. पेटन उलट खांदा पाडून समोरच्यावर जायचा. इतका मार खाऊन आणि देऊन तेरा हंगामांत त्याचा एकच सामना चुकला, तोही पहिल्या वर्षी. शिवाय 492 झेल, स्वतः फेकलेले आठ टचडाउन पास (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे पोचला की टचडाउन), आणि दुसऱ्यासाठी वाट मोकळी करायची तर अंगाने दुप्पट माणसाला अडवायला तयार. हे शेवटचं कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

शिकागोजवळच्या आर्लिंग्टन हाइट्समध्ये एक टेकडी आहे, मुळात कचऱ्याच्या भरावाची. हंगाम नसताना पेटन तिच्यावर पुन्हा पुन्हा धावत चढायचा. मी मुद्दाम जाऊन आलो. पर्वती चढलेल्या माणसाला ती टेकडी म्हणजे काहीच नाही, असं वाटून मी पळत सुटलो. दुसऱ्याच फेरीला गुडघे धरून बसलो.

एक सल मात्र राहिलीच. 26 जानेवारी 1986 ला बेअर्सनी न्यू इंग्लंड पॅट्रियट्सना 46-10 असं लोळवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. गोलरेषेपासून एका यार्डावर चेंडू होता तेव्हा प्रशिक्षक माइक डिटका यांनी तो दिला विल्यम पेरीला, ‘रेफ्रिजरेटर’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या अगडबंब बचावपटूला. त्याने टचडाउन केला, लोक हसले, नाचले. पेटनच्या नावावर त्या सामन्यात एकही टचडाउन नाही. डिटका यांनी पुढे याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पेटन 1999 मध्ये यकृताच्या आजाराने आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाने गेला, ऐन चाळिशीत.

आता सेयर्स. पेटनकडे जिद्द होती तशी सेयर्सकडे पळण्याची कला होती, आणि ती जन्मजात होती. 12 डिसेंबर 1965, बेअर्सचं तेव्हाचं घरचं मैदान रिगली फील्ड, चिखलाने भरलेलं. सॅन फ्रान्सिस्कोचे खेळाडू वळता वळता घसरून पडत होते आणि हा पहिल्या वर्षाचा पोरगा कोरड्या जमिनीवर असल्यासारखा वळत होता. सहा टचडाउन! त्यातला एक 80 यार्डांचा, छोटा पास घेऊन, आणि एक 85 यार्डांचा, लाथाडलेला चेंडू परत आणताना. त्या हंगामात त्याचे एकूण 22 टचडाउन झाले. मग नोव्हेंबर 1968 मध्ये, पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच, उजवा गुडघा फाटला. तरी पुढच्या वर्षी 1,032 यार्ड काढून तो लीगमध्ये पहिला आला. त्या पुनरागमनासाठी 1970 मध्ये त्याला धैर्याचा पुरस्कार मिळाला, तर व्यासपीठावरून तो म्हणाला की याचा खरा मानकरी ब्रायन पिकोलो आहे. पिकोलो हा संघातला त्याचा खोलीतला जोडीदार, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेला. तो काही आठवड्यांतच गेला. एक काळा, एक गोरा, अशा दोन खेळाडूंनी एका खोलीत राहणं त्या काळी बातमी होण्यासारखी गोष्ट होती.

पण सेयर्सचे एकूण सामने भरतात फक्त 68. एवढ्यावरच 34 व्या वर्षी त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं. इतक्या कमी वयात तिथे कोणी गेलेलं नाही. गुडघा टिकता तर, हा प्रश्न मीही स्वतःला विचारतो, पण क्रम लावताना ‘तर’ला गुण देता येत नाहीत.

नागुर्स्की आणि ग्रेंज एकत्रच घेतो, कारण 1932 चा निर्णायक सामना दोघांचा. शिकागोत इतका बर्फ आणि गारठा की सामना बंदिस्त स्टेडियममध्ये, 80 यार्डांच्या आखूड मैदानावर खेळवला. नागुर्स्की धडक मारायला निघाल्यासारखा पुढे झाला, एकदम मागे सरला आणि ग्रेंजकडे पास फेकला. टचडाउन. नियमाप्रमाणे पाच यार्ड मागूनच पास फेकायचा होता, तो तेवढा मागे नव्हता असा पोर्ट्समथ या विरुद्ध संघाचा आरडाओरडा झाला. बेअर्स 9-0 ने जिंकले आणि पुढच्या वर्षी नियमच बदलला. नागुर्स्कीबद्दल दंतकथा तर ढिगाने आहेत. एक अशी की तो रिगलीच्या विटांच्या भिंतीवर जाऊन आदळला आणि उठून म्हणाला, शेवटच्याने जरा जोरात मारलं. 1934 मध्ये बीटी फेदर्स हा लीगमध्ये एका हंगामात हजार यार्ड ओलांडणारा पहिला खेळाडू ठरला, तेव्हा त्याच्यापुढे वाट फोडायला नागुर्स्कीच होता.

ग्रेंज 1925 मध्ये कॉलेजातून थेट बेअर्समध्ये आला आणि त्याला पाहायला गर्दी लोटली, या धंद्याला पैसा मिळाला. त्याचं ऋण मोठंच. मात्र 1927 मध्ये, दुसऱ्या संघात असताना, त्याचा गुडघा गेला आणि परत आल्यावर ती जुनी वळणं उरली नव्हती. त्यानंतर बेअर्ससाठी तो उत्तम बचावपटू ठरला, पण तुम्ही विचारताय धावणाऱ्यांबद्दल.

अलीकडच्यांत मॅट फोर्टे, 8,602 यार्ड, पेटनखालोखाल. चौथा तोच.

माझे ते सहकारी हा क्रम मानत नाहीत. दहा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना त्या चिखलातल्या सामन्याला नेलं होतं. मी पेटनचे आकडे सांगायला लागलो की ते कॉफीचा कप खाली ठेवून म्हणतात, “बाबा रे, तू त्या दिवशी तिथे नव्हतास.”