पुण्यात ओएलएक्सवर जुना सागवानी पलंग बघतोय. विक्रेता म्हणतो, दोन हजार टोकन पाठवा, मग पत्ता देतो. द्यावं का?

नाही, पलंग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पत्त्याआधी पैसे मागणं ही फसवणुकीची जुनी तऱ्हा आहे. 'मी लष्करात आहे, बदली झाली, सामान आमच्या ट्रकने येईल' ही तिचीच चुलत बहीण. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. भाड्याची घरं बदलताना मी बरंच फर्निचर असंच घेतलंय, त्यावरून सांगतो: महिनाअखेरीला शोधा, कारण घर रिकामं करायची घाई असलेला माणूस भाव लवकर सोडतो.

बघायला जाल तेव्हा पॉलिशवर जाऊ नका, सरळ पलंगाखाली शिरा. पॉलिश नसलेल्या कडेला थर दिसले तर ते प्लायवर चिकटवलेलं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, भरीव सागवान नव्हे. ठोकून पोकळ वाजलं किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत काळे ठिपके म्हणजे ढेकूण. मग फुकट दिला तरी नको. पार्टिकल बोर्डाचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) असेल तर तोही टाळा, एकदा खोलला की त्यात स्क्रू पुन्हा नीट बसत नाहीत.

टोकन देणं सरसकट चूक नाही. पलंग पसंत पडला आणि टेम्पो दोन दिवसांनी मिळणार असेल, तर तिथेच उभं राहून पाचशे द्या आणि चॅटवर तसं लिहून घ्या. टेम्पो-हमालीचा खर्च मात्र भाव करण्याआधीच विचारून ठेवा.